मनसुबा

मिरजेतल्या आमच्या मोहल्ल्यात एक छोटे वाचनालय आहे. त्याच्या माडीवर दर रविवारी आम्ही मुलांना बुद्धिबळ शिकवतो. जोहरची नमाज झाली की मुले जमतात आणि असरच्या अजानीआधी पट गुंडाळून ठेवतात. आम्ही म्हणजे दोघे निवृत्त शिक्षक. एकाने जन्मभर गणित शिकवले, दुसऱ्याने मराठी. खेळाडू म्हणून आमचे कर्तृत्व सांगण्यासारखे नाही. तरुणपणी सायकलवरून सांगलीला जायचो, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा उभ्या-उभ्या पाहायचो आणि रात्री परत यायचो. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या ध्यासामुळे सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. त्या पंढरीचे आम्ही दाराबाहेरचे वारकरी.

या लेखात आम्ही एका लहानशा कामाविषयी लिहिणार आहोत. ते काम म्हणजे मुलांसाठी कोड्यांचे कागद तयार करणे. कागदावर पटाची आकृती असते, काही मोहरी मांडलेली असतात आणि खाली लिहिलेले असते, ‘पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात.’ मुलाने चाल शोधून लिहायची. काम सोपे दिसते. आम्हालाही सोपेच वाटले होते आणि त्या समजुतीपायी आमच्या हातून एका मुलीचे नुकसान झाले. ते शेवटी सांगू. आधी काम कसे चालते ते सांगितले पाहिजे.

वर्ग सुरू केला तेव्हा आम्ही एका पुस्तकातले पान निवडले, त्याच्या पंचवीस झेरॉक्स काढल्या आणि सर्वांना वाटल्या. पाचवीपासून नववीपर्यंतची मुले, काही उर्दू शाळेतली, काही मराठी शाळेतली. दोघा-तिघांनी पाच मिनिटांत पान संपवले आणि खिडकीतून खाली रिक्षा मोजत बसले. बाकीची कागदाकडे पाहत राहिली. एका लहान मुलाने कागदाची घडी घालून विमान केले. आम्ही त्याला रागावलो. आज वाटते, त्या कागदाचा त्याला तेवढाच उपयोग होता.

मग आम्ही कागदांचे तीन गठ्ठे केले आणि त्यांना अ, ब, क अशी नावे दिली. दुसऱ्याच रविवारी ‘क’चा अर्थ मुलांनी ‘कच्चा’ असा लावला. एका मुलाचे टोपणनावच ‘कच्चा’ पडले. मग नावे बदलली. प्यादे, घोडा, उंट, हत्ती. मुलांना नाव द्यायचे नाही, कागदाला द्यायचे, असा नियम केला. एकच मुलगा घोड्याचा कागद सोडवून झाल्यावर उंटाचा मागू शकतो आणि अडला तर प्याद्याचा परत घेऊ शकतो. प्यादे आठव्या पट्टीत पोहोचले की वजीर होते, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवलेले असते. त्यामुळे प्याद्याच्या कागदाची फारशी लाज कुणाला वाटत नाही.

त्याच सुमारास मोहल्ल्यातले एक बुजुर्ग हाजीसाहेब माडीवर आले. त्यांनी पट पाहिले आणि विचारले, “बच्चों को शतरंज? जुआ सिखाते क्या सर?” आम्ही त्यांना बसवले, चहा दिला. त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. आपल्या उलेमांमध्ये या खेळाविषयी मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. हनफी फिकहमध्ये बहुतेकांनी तो नापसंत केला आहे. शाफई मसलकात तो मकरूह मानतात, पण जुगार नसेल, नमाज चुकत नसेल आणि तोंडी शिवीगाळ नसेल तर हराम म्हणत नाहीत. आम्ही हाजीसाहेबांना सांगितले, “निकाल देण्याइतके आमचे इल्म नाही. अटी मात्र पाळू शकतो.” त्या दिवसापासून आमच्या वर्गात रोख बक्षीस नाही, पैज नाही आणि अजानीच्या वेळी अर्धा डाव तसाच सोडून उठायचे. हाजीसाहेब पुन्हा वर आले नाहीत. पण त्यांचा नातू येऊ लागला.

त्या प्रश्नाने आम्हाला जुनी पाने चाळायला लावली. आमच्यातल्या मराठीच्या मास्तरांना तिथे एक शब्द सापडला आणि ते दोन दिवस खूश होते. मराठीत आपण ‘मनसुबा’ म्हणतो. शिवरायांचे मनसुबे, शत्रूचे मनसुबे, लग्नाचा मनसुबा. मूळ अरबी शब्द ‘मन्सूबा’, म्हणजे उभे केलेले, मांडलेले. बगदादच्या शतरंजच्या ग्रंथांत पटावर मांडलेल्या कोड्याला हेच नाव होते. नवव्या शतकात अल-अदली आणि दहाव्या शतकात अबू बक्र अस-सूली यांनी असे मन्सूबे लिहून ठेवले. अस-सूलीचे एक कोडे इतके अवघड होते, की जवळजवळ हजार वर्षांनी, विसाव्या शतकात, रशियाचे ग्रँडमास्टर युरी अवेरबाख यांनी त्याची उकल दाखवली. म्हणजे आम्ही रविवारी झेरॉक्स काढतो ते मनसुबेच. मराठी माणूस रोज बोलतो तो शब्द शतरंजच्या पटावरूनही फिरून आलेला आहे.

त्याहून आम्हाला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. त्या काळच्या ग्रंथांत खेळाडूंच्या पाच श्रेण्या सांगितल्या आहेत. वरच्या श्रेणीच्या खेळाडूने खालच्याशी खेळताना किती मोहऱ्यांची सवलत द्यायची, हेही ठरलेले होते. समोरच्याची ताकद ओळखून खेळणे ही उस्तादाची जबाबदारी मानली जात होती. आमच्या तीन गठ्ठ्यांना केवढा जुना आधार होता!

ते जुने मन्सूबे मात्र मुलांना जसेच्या तसे देता येत नाहीत. त्या शतरंजमध्ये वजीर एकच घर तिरका सरकायचा, उंटाची चालही वेगळी होती. आजचा सर्व दिशांनी धावणारा वजीर पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आला. राजा, हत्ती आणि घोडा यांच्या मूळ चाली मात्र तेव्हाच्याच आज आहेत. म्हणून फक्त हत्ती-घोड्यांवर उकलणारी कोडी तेवढी चालतात.

आता कागद कसा बनतो ते सांगतो. एका कागदावर दहा कोडी. मुलाने मन लावून सोडवली तर सात-आठ यावीत, दोन-तीन अडावीत, हा आमचा अंदाज. दहाच्या दहा आली तर मूल काही शिकले नाही, जे येत होते तेच लिहून आले. तीनच आली तर ते मनाशी ठरवते की हे आपले काम नव्हे. पहिली दोन कोडी मुद्दाम सोपी ठेवतो. ती सुटली की हात मोकळा होतो. दहावे कोडे घरी न्यायचे. त्यावर अब्बांशी, भावाशी भांडण झाले तर उत्तमच.

प्याद्याच्या कागदावर मात नसतेच. तिथे फक्त एवढेच विचारतो, की कोणते मोहरे फुकट मारता येते? कोणत्या मोहऱ्याला आधार नाही? मोठी माणसे हे प्रश्न हसण्यावारी नेतात. पण मुले डाव हरतात ती दहा चालींच्या खोल डावपेचांनी नव्हे, उंट आधाराविना सोडल्यामुळे. मग एका चालीत मात. मग घोड्याचा दुहेरी हल्ला, जखडलेले मोहरे, उघड शह. त्यानंतर दोन चालींची मात.

एकच कल्पना तीन पायऱ्यांनी कशी देतो ते पाहा. काळ्याचा राजा किल्लेकोट करून जी-८ वर बसला आहे, पुढे एफ, जी आणि एच पट्टीतली तीन प्यादी जागची हललेली नाहीत. पहिल्या पायरीवर पांढऱ्याचा हत्ती सरळ ई-८ वर जातो आणि मात होते, कारण राजाची वाट त्याच्याच प्याद्यांनी अडवलेली आहे. दुसऱ्या पायरीवर काळ्याचा एक हत्ती ए-८ वर राखणीला असतो. पण पांढऱ्याचे दोन हत्ती ई पट्टीत एकामागे एक उभे असतात. पहिला जातो, मारला जातो, दुसरा मारतो आणि मात. तिसऱ्या पायरीवर सगळे तेच, फक्त काळ्याचे एच पट्टीतले प्यादे एक घर पुढे आहे. मुले धावत येतात, “सर, पहिल्यासारखंच आहे!” पहिल्यासारखे नसते. आता राजा एच-७ वर सटकतो. तिथे ‘मात नाही’ हेच उत्तर. डोळे उघडे ठेवायला शिकवणारे कोडे हे तिसरे.

दोन गोष्टी मुलांनीच आम्हाला शिकवल्या. पहिली अशी. सुरुवातीला आम्ही प्रत्येक कागदावर मथळा द्यायचो, ‘घोड्याचा दुहेरी हल्ला’. मुले घोडा शोधायची, उड्या मोजायची, दहापैकी दहा आणायची. पटावर खेळताना त्याच मुलांना दुहेरी हल्ला दिसायचा नाही. एक मुलगा म्हणाला, “सर, डावात कोण सांगतं घोडा हलव म्हणून?” तेव्हापासून नवी कल्पना शिकवतानाचा पहिला कागद तेवढा मथळ्याचा. पुढचे सगळे बिनमथळ्याचे आणि मिसळलेले.

दुसरी गोष्ट लाजिरवाणी आहे. उर्दू शाळेतली दोन-तीन हुशार मुले आमच्या कागदावर सारखी अडायची. आम्हाला कळेना. एके दिवशी जवळ बसून पाहिले. दोन रकान्यांत कोडी छापली होती, डावीकडे सोपी, उजवीकडे अवघड. ही मुले सवयीप्रमाणे उजवीकडून सुरू करत होती. अवघडाला डोके आपटून थकल्यावर सोप्याकडे येत होती. आम्ही महिनाभर त्यांना मंद समजत होतो. आता कोडी एकाखाली एक छापतो. वरून खाली सगळ्यांनाच सारखे.

आता त्या मुलीविषयी. ती सातवीत होती. तिच्या वडिलांचा सतारी बनवण्याचा छोटा कारखाना आहे. मुलगी बोलायची कमी. मुलग्यांच्या गोंगाटात ती खिडकीजवळच्या पटावर बसायची आणि कागद भरून गुपचूप टेबलावर ठेवायची. हत्तीच्या कागदापर्यंत ती सगळ्यांच्या आधी पोहोचली होती.

त्या रविवारच्या कागदातले सातवे कोडे आम्ही स्वतः रचले होते, पुस्तकातले नव्हते. त्याचा आम्हाला थोडा गर्वही होता. काळ्याचा राजा जी-८ वर, तीन प्यादी पुढे, हत्ती डी-८ वर. पांढऱ्याचा राजा जी-१ वर, पुढे तीन प्यादी, हत्ती ई-१ वर, वजीर ई-४ वर. दोन चालींत मात. उत्तर असे, की वजीर ई-८ वर टाकून शह द्यायचा, काळा हत्ती वजीर मारतो, पांढरा हत्ती त्याला मारतो आणि मात. वजिराचा बळी देण्याचे धाडस मुलांना शिकवावे हा हेतू. पट फार रिकामा दिसत होता म्हणून आम्ही डी-३ वर एक पांढरा उंट उभा केला. शोभेसाठी.

मुलीने लिहिले होते, ‘वजीर एच-७.’ आमच्या उत्तराच्या कागदावर तसे नव्हते. आम्ही लाल फुली मारली. शेजारी लिहिले, ‘घाई नको. विचार कर.’ त्या चालीची पडताळणी आम्ही केली नाही. तिने कागद पाहिला, घडी करून दप्तरात ठेवला. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुली मोठ्या झाल्या की येत नाहीत, असे म्हणून आम्ही आपली समजूत घातली. मोहल्ल्यात हे कारण नेहमी तयार असते आणि ते पुढे केले की आपल्याला काही करावे लागत नाही.

चार महिन्यांनी तेच कोडे आम्ही दुसऱ्या मुलांना दिले. एका मुलाने तेच उत्तर लिहिले. या वेळी गणिताच्या मास्तरांनी पट मांडला. वजीर एच-७ वरचे प्यादे मारून शह देतो. राजाला वजीर मारता येत नाही, कारण मागे डी-३ वरचा आमचा शोभेचा उंट आहे. राजा एफ-८ वर जातो, दुसरी जागाच नाही. वजीर एच-८ वर जातो. राजाला ई पट्टीत पळावे तर तिथे आमचाच हत्ती रोखून बसला आहे. मात. दोन चालींत, वजीर न गमावता. आमच्या उत्तरापेक्षा तिचे उत्तर चांगले होते.

आम्ही दोघे बराच वेळ पटाकडे पाहत बसलो. शतरंजच्या जुन्या दंतकथांत दिलारामची गोष्ट आहे. नवरा डाव हरत आलेला असतो, पैजेला बायकोच लावलेली असते. पडद्याआडून पट पाहणाऱ्या दिलारामला मात दिसते. दोन्ही हत्ती द्या, पण मला देऊ नका, असे ती सुचवते आणि नवरा जिंकतो. ही गोष्ट आम्ही मुलांना कितीदा रंगवून सांगितली होती. दिलारामच्या नवऱ्याने निदान तिचे ऐकले. आमच्यासमोर बसलेल्या मुलीला मात दिसली, तर आम्ही तिला लाल फुली दिली.

त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वडील कारखान्यात होते. भोपळे टांगलेले, पॉलिशचा वास. त्यांनी सांगितले, “हमने नै रोका सर. बोलती, मेरेकू नै आता. दिमाग नै मेरेकू.” हे ऐकल्यावर काय बोलावे ते सुचेना. आम्ही कागद काढला आणि चूक कुणाची होती ते त्यांना सांगितले. ते सतारीच्या घोडीवर कानस फिरवत होते, जवारी काढत होते. हात न थांबवता म्हणाले, “मैं तो पहले गाहक का हाथ सुनता. बजाके दिखाओ बोलता. किसीकू खुली जवारी होना, किसीकू बंद. एकच घोडी सबकू कैसे चलेगी?” त्यांना बुद्धिबळ येत नाही, पण आमच्या कामातली आमची चूक त्यांनी नेमकी सांगितली. आम्ही कोडे रचले, गठ्ठे केले, पायऱ्या बांधल्या. पण हात ऐकला नव्हता. उत्तर चुकले वाटले तेव्हा ‘ही चाल का केलीस?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा होता.

मुलगी आतून आली. आम्ही तिची माफी मागितली. तिने कागद घेतला, पाहिला आणि विचारले, “मग त्या दिवशीचा एक गुण?” आम्ही लाल फुली खोडून तिथे खूण केली. ‘घाई नको’ हे शब्दही खोडले.

ती पुन्हा रविवारी आली, असे लिहायला आम्हाला आवडले असते. तसे झाले नाही. तोवर तिच्यावर घरची कामे पडली होती आणि आठवीची शिकवणीही रविवारीच होती. काही नुकसाने माफीने भरून निघत नाहीत. पण आम्ही एक विनंती केली. दर गुरुवारी नव्या कोड्यांचा कागद तिच्या लहान भावाबरोबर घरी पाठवायचा, तिने तो छापण्याआधी तपासून द्यायचा. तिने वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, “घर बैठके काम है, कर.”

लोक म्हणतात, आता संगणक आहे, मोबाइल आहे, हा खटाटोप कशाला? लिचेससारख्या संकेतस्थळावर कोडी फुकट मिळतात. मुलाचे उत्तर बरोबर आले की पुढचे अवघड, चुकले की सोपे, असे ते यंत्र आपोआप करते. हे खरेच चांगले आहे आणि ज्यांच्याकडे सोय आहे त्यांना आम्ही तेच सांगतो. आम्हीही आता प्रत्येक कोडे आधी संगणकाला दाखवतो. दुसरे उत्तर असेल तर ते लगेच दाखवते. पण आमच्या वर्गातल्या बऱ्याच घरांत एकच मोबाइल असतो, तो अब्बांबरोबर कामावर जातो. मुलींच्या हाती तर तो शेवटी येतो. कागदाचे तसे नाही. तो उशीखाली राहतो. आणि फुली पाहून कोणते मूल गप्प झाले, हे पाहायला माणूसच जवळ असावा लागतो.

मुलांपुढे ठेवायला उदाहरणे कमी नाहीत. भोपाळच्या रफिक खान या सुतारकाम करणाऱ्या खेळाडूने १९८० च्या माल्टा ऑलिंपियाडमध्ये रौप्यपदक मिळवले होते. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. पण आमचा मनसुबा एवढा मोठा नाही. आमच्या माडीवरून उतरताना कोणत्याही मुलाने ‘मला डोके नाही’ असे म्हणू नये, इतकाच आहे. आता चुकलेल्या उत्तरावर आम्ही फुली मारत नाही. पट मांडतो आणि म्हणतो, दाखव. दहापैकी नऊ वेळा मुलाला स्वतःच चूक दिसते. दहाव्या वेळी आम्हाला आमची दिसते.

ती मुलगी आता दहावीत आहे. गुरुवारचे कागद शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजीनंतर तिच्या भावाकडून परत येतात. कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले असते. ‘हे तिसऱ्या नंबरवर नको, सहाव्यावर.’ ‘लहान मुलांना हा शह दिसणार नाही.’ गेल्या आठवड्याच्या कागदावर एका आकृतीतल्या प्याद्याभोवती तिने गोल केला होता आणि विचारले होते, ‘हे कशाला आहे?’

आम्ही पट मांडून पाहिला. प्याद्याचे तिथे काही काम नव्हते. काढून टाकले.